सत्तरीचे कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या

वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळावेत, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेतील ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डे द्यायला सुरुवात झाली. आधार कार्डावर नोंदलेले वय एवढाच निकष असलेली, पूर्वीपासूनच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण देणारी आणि विम्याचा हप्ता न मागणारी ही योजना आहे. ज्या वयात खासगी विमा कंपन्या हात आखडता घेतात किंवा न परवडणारा हप्ता सांगतात, त्या वयात ती उपलब्ध होते, हे तिचे मोल मोठे आहे. ते मान्य करूनही, या कार्डामुळे निवृत्तांच्या आरोग्यखर्चाचा प्रश्न मिटला, असे जे अलीकडे सर्रास बोलले जाते, ते मला पटत नाही. हे संरक्षण माणूस रुग्णालयात दाखल झाला की सुरू होते आणि घरी परतला की थोड्याच दिवसांत संपते. म्हातारपणातील आजारांचा खर्च मात्र मुख्यतः घरी असताना, महिन्याच्या महिन्याला होत असतो.

हा मुद्दा नीट समजण्यासाठी आपल्याकडे निवृत्तांची वाटणी कशी झाली आहे, हे आधी पाहावे लागेल. निवृत्ताला कोणते आरोग्य संरक्षण मिळणार, हे त्याच्या आजारावरून ठरत नाही. त्याचा शेवटचा पगार कोणाच्या तिजोरीतून आला, यावरून ठरते. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, आहे. ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. वेतनश्रेणीनुसार महिना २५० ते १,००० रुपये वर्गणी भरून, किंवा दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आजीवन कार्ड घेता येते. त्या कार्डावर पती-पत्नी दोघांनाही यादीवरील रुग्णालयांत कॅशलेस उपचार मिळतात. शिवाय मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतील वेलनेस सेंटरमध्ये, म्हणजे या योजनेच्या दवाखान्यांत, डॉक्टर तपासतात, रक्ताच्या चाचण्या लिहून देतात आणि मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांसारख्या कायमच्या दुखण्यांवरील औषधे तिथेच हातात पडतात. एखादे औषध साठ्यात नसेल, तर त्याची मागणी नोंदवून ठरलेल्या औषध दुकानातून ते मागवले जाते. वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही, फक्त उपचारांचे दर ठरलेले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या लाभार्थ्याला तर २०२४ पासून यादीवरील रुग्णालयात तज्ज्ञाला दाखवण्यासाठी शिफारसपत्राचीही गरज उरलेली नाही. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून चालू असलेली ईसीएचएस ही योजनाही याच धर्तीची आहे. आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे, आणि गरज पडली तरच रुग्णालय, असा तिचा क्रम आहे.

या दोन योजनांमध्ये त्रुटी नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही. बिलांच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागल्याच्या तक्रारी आहेत. एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला १३ एप्रिल २०१८ रोजी असे बजावावे लागले की, रुग्णालय यादीत नाही एवढ्याच कारणावरून खर्चाचा दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाले का आणि त्याचे पुरावे आहेत का, हे पाहिले पाहिजे. तरीही या योजनांच्या रचनेमागची समज योग्य आहे. वृद्ध माणसाला दवाखाना आणि औषध हे रोज लागते आणि रुग्णालय कधीतरी, हे त्या रचनेत गृहीत धरलेले आहे.

पुढच्या पायऱ्यांवर मात्र ही समज दिसेनाशी होते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला सेवेत असताना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. निवृत्तीनंतर ती सोय तशी राहत नाही. २०१४ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी वैद्यकीय विमाछत्र योजना आली, पण तिचा हप्ता निवृत्तानेच भरायचा आहे आणि तिचा भरही रुग्णालयात दाखल होण्यावरच आहे. सरकारी बँकांमधून निवृत्त झालेल्यांना समूह विम्याचा वाढत गेलेला हप्ता वर्षानुवर्षे स्वतःच्या पेन्शनमधून भरावा लागला आणि अनेकांनी तो न झेपल्याने विमाच सोडून दिला. कारखान्यात किंवा दुकानात काम करून कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या छत्राखाली असलेल्या कामगाराला, किमान पाच वर्षे विमित राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झाल्यास, वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार घेता येतात. ही सोय फार चांगली आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. पण पगार महिना २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेला की कामगार योजनेबाहेर पडतो. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत पगार थोडासा वाढल्यामुळे उतारवयातला हा आधार हातचा गेला, अशी कितीतरी उदाहरणे औद्योगिक वसाहतींत सापडतील. २०२४ मध्ये महामंडळाने या बाबतीत काही सवलत देण्याचा निर्णय केला, हे योग्यच झाले.

आणि सर्वांत शेवटी ईपीएस-९५चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, पेन्शनर आहेत. एसटी महामंडळ, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था, खासगी कंपन्या अशा ठिकाणी उभे आयुष्य काढलेली ही माणसे आहेत. सप्टेंबर २०१४ पासून त्यांचे किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये आहे. सूत्र असे आहे की, १५,००० रुपयांच्या कमाल मर्यादेइतक्या पगारावर ३५ वर्षांची सेवा धरली, तरी आकडा साधारण ७,५०० रुपयांवर थांबतो. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून पुष्कळ कमी मिळते. या पेन्शनबरोबर औषधोपचाराची कोणतीही सोय जोडलेली नाही. बुलढाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले, त्यांच्या मागण्यांमध्ये किमान ७,५०० रुपये पेन्शन आणि महागाई भत्ता यांच्याबरोबरच पती-पत्नीला मोफत वैद्यकीय सेवा ही मागणी सातत्याने राहिली आहे. पेन्शनवाढीची बातमी होते, वैद्यकीय सेवेच्या मागणीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. जे केंद्रीय पेन्शनर सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहतात, त्यांना बाह्यरुग्ण उपचारांसाठी, म्हणजे डॉक्टरची फी आणि गोळ्या-औषधे यांसाठी, दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. जुलै २०१७ पूर्वी तो ५०० रुपये होता. रुग्णालयात दाखल न होताही वृद्ध माणसाला दर महिन्याला औषधांचा खर्च येतो आणि तो पेन्शनमधून भागवायला लावणे योग्य नाही, याची ही सरकारने स्वतः दिलेली कबुली आहे. आणि त्याच देशात, त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाची अख्खी किमान पेन्शन तेवढ्याच, म्हणजे १,००० रुपयांची आहे. त्यातून त्याने घरभाडे, किराणा, वीजबिल आणि औषधे हे सगळे भागवावे, अशी आपली अपेक्षा आहे. केंद्रीय पेन्शनरांना भत्ता जास्त मिळतो, अशी माझी तक्रार नाही. तो अपुराच आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की, एका निवृत्ताच्या बाबतीत जी गरज सरकारने ओळखली, तीच गरज दुसऱ्याच्या बाबतीत नाही असे मानायला कोणताही आधार नाही.

आता वय वंदना कार्डाच्या पाच लाखांत प्रत्यक्षात काय बसते, ते पाहू. योजनेत उपचारांची पॅकेजे ठरलेली आहेत. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांतील तपासण्या आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधे त्यांत धरलेली आहेत. समजा, बाहत्तर वर्षांच्या मधुमेही गृहस्थांच्या छातीत दुखू लागले. मुलाने त्यांना अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतील, रुग्णालयात नेले. तेथे योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, कार्ड तपासले, ओळख पटवली, कागदपत्रे चढवली, पूर्वमान्यता आली, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि चार दिवसांनी ते घरी आले. खिशातून काही द्यावे लागले नाही. एके काळी याच आजारासाठी शेत गहाण पडत असे. डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, रक्तदाबाच्या एक-दोन आणि मधुमेहाच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. दर तीन महिन्यांनी साखरेची तपासणी आणि ठरावीक दिवसांनी हृदयरोगतज्ज्ञाची भेट ठरलेली असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर आणि कोलेस्टेरॉलची गोळी जन्मभर चालू ठेवायची असते. सोळाव्या दिवसापासून हा सगळा खर्च घरचा.

ज्या घरात पेन्शन दोन-अडीच हजारांची आहे, तिथे या चिठ्ठीचे काय होते, हे कोणत्याही औषध दुकानाच्या काउंटरवर थोडा वेळ उभे राहिले तरी कळते. “महिन्याचं नको, आठ दिवसांचं द्या,” असे सांगितले जाते. मग आठ दिवसांची पाकिटे दहा-बारा दिवस पुरवली जातात. पाच गोळ्यांपैकी ‘महत्त्वाच्या’ दोन कोणत्या, असे दुकानदारालाच विचारले जाते. स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच बंद झाली, तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. असे झाले की रुग्ण पुन्हा त्याच रुग्णालयात, त्याच कार्डावर दाखल होतो आणि पुन्हा सरकारी तिजोरीतूनच पैसे जातात. रक्तदाबाच्या स्वस्त गोळ्या नियमित न घेतल्याने होणारा पक्षाघात किंवा साखर आवाक्यात न ठेवल्याने निकामी होणारे मूत्रपिंड यांचा हिशेबही असाच आहे. लाखाचा उपचार देणारी आणि त्यामागची शेकड्यांतील औषधे न देणारी व्यवस्था रुग्णाचे नुकसान करतेच, शिवाय स्वतःचाही खर्च वाढवून घेते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, औषधे तर सरकारी दवाखान्यात मोफत आहेतच. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सर्व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. हे खरे आहे आणि तो निर्णयही चांगला होता. पण मोफत असणे आणि दरमहा खात्रीने मिळणे यांत अंतर आहे. साठा संपलेला असतो, औषधे थोड्या दिवसांचीच मिळतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाने दर आठवड्याला एसटीने तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहावे लागते, आणि औषध मिळाले नाही तर दाद कोणाकडे मागायची, हे बहुतेकांना ठाऊक नसते. रुग्णालयातील उपचार नाकारले तर तक्रारीसाठी हेल्पलाइन आहे. गोळी मिळाली नाही तर तेवढी ठोस वाट नाही. हक्क आणि सोय यांतला हा फरक वृद्धांच्या बाबतीत निर्णायक ठरतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सरकारने एवढा भार उचलला असताना आणखी किती उचलायचा, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. परंतु येथे अमर्याद खर्चाची मागणी कोणी करत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांवरील मूलभूत औषधांची यादी छोटी आहे, ती जेनेरिक स्वरूपात मिळतात आणि सरकारने एकत्रित खरेदी केल्यास फार स्वस्त पडतात. हे कागदावरचे अनुमानही नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८च्या सुमारास निवडक राज्यांत सुरू झाला, त्यात आपल्याकडील सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यापासून होते. ठरलेली मोजकी औषधे, एका वेळी तीस दिवसांचा पुरवठा, जवळच्या केंद्रातच फेरभेट आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा राहिला. तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या योजनेत मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे रुग्णांच्या घरापर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. म्हणजे कसे करायचे, हे देशाला ठाऊक आहे. ते निवृत्तांच्या कार्डाशी जोडले गेलेले नाही, एवढेच.

अमेरिकेच्या अनुभवातूनही येथे काही शिकण्यासारखे आहे. तेथील ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा मेडिकेअर कायदा ३० जुलै १९६५ रोजी झाला, तेव्हा त्यात रुग्णालय आणि डॉक्टर यांचा खर्च होता. घरी घ्यायच्या औषधांचे संरक्षण प्रत्यक्षात यायला २००६ साल उजाडावे लागले. त्या चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्र बदलले आणि शस्त्रक्रियेपेक्षा रोजच्या औषधांवर जगणारे वृद्ध वाढले. आपली योजना सुरू झाली, तेव्हा हा अनुभव समोर होता. तेथील आणखी एक व्यवस्था मला अधिक महत्त्वाची वाटते. कोणता पर्याय घ्यावा, हे वृद्धांना निःशुल्क आणि निःपक्षपातीपणे समजावून सांगणारी सल्ला केंद्रे तेथे प्रत्येक राज्यात सरकारी अर्थसाह्यावर चालतात. विमा विकणाऱ्याकडून विम्याची माहिती घेण्याची वेळ वृद्धांवर येऊ नये, हा त्यामागचा विचार आहे.

आपल्याकडे ही गरज अधिकच आहे, कारण चुकीचा निर्णय परत फिरवता येत नाही. सीजीएचएस किंवा ईसीएचएसच्या लाभार्थ्याला जुनी योजना आणि वय वंदना यांतून एकच निवडता येते, आणि निवड एकदाच करायची असते. पाच लाखांचा आकडा ऐकून एखाद्या पेन्शनरने सीजीएचएस सोडले, तर खर्चाची मर्यादा नसलेले उपचार आणि महिन्याची औषधे सोडून तो मर्यादित रुग्णालयीन संरक्षण पत्करतो. माझ्या मते तसे कोणी करू नये. खासगी मेडिक्लेम किंवा कामगार विमा असलेल्यांना मात्र दोन्ही लाभ घेता येतात. त्यांनी वर्षानुवर्षे भरलेली पॉलिसी घाईने बंद करणे शहाणपणाचे नाही, कारण अनेक मोठी खासगी रुग्णालये सरकारी योजनेच्या यादीत नसतात. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा झाल्यास कंपनीने आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटीही उठला आहे, हेदेखील अनेकांपर्यंत पोहोचलेले नाही. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर पाच लाख प्रत्येकी नसून दोघांत मिळून आहेत. घरातील कुटुंब आधीच आयुष्मान भारत योजनेत असेल, तर सत्तरीपुढच्यांचे पाच लाख स्वतंत्र असतात, त्यांना तरुणांच्या वाट्यातून घ्यावे लागत नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाल्याने साठ ते सत्तर या वयातल्यांनाही रुग्णालयाचा आधार आहे. पण मुलाकडे बंगळुरूला किंवा हैदराबादला राहायला गेलेल्या आईवडिलांना तेथे उपयोगी पडेल ते आयुष्मानचे कार्ड, फुले योजनेचे नव्हे. यातली एकही गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ती एवढीच, की ही सगळी माहिती एका जागी, एका कागदावर, निवृत्ताच्या हातात कोणी देत नाही.

ती द्यायला प्रसंगही आयता आहे. प्रत्येक पेन्शनर वर्षातून एकदा, बहुतेक जण नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देतो. बँक, कोषागार, टपाल कार्यालय किंवा भविष्य निर्वाह निधी कार्यालय यांपैकी कोणाशी तरी त्याचा त्या वेळी संबंध येतोच. त्याच वेळी त्याला लागू असलेल्या योजना, जवळची अंगीकृत रुग्णालये आणि तक्रारीचा क्रमांक एवढे छापून देणे कोणत्याही खात्याला जड नाही. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये निवृत्त शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि अधिकृत ओळखपत्र दिले, तर सल्ला देणारी माणसे वेगळी शोधावी लागणार नाहीत. आरोग्यमित्र रुग्णालयाच्या दारात भेटतो, तोपर्यंत निवडीची वेळ निघून गेलेली असते.

औषधांच्या बाबतीत सुरुवात लहान असली तरी चालेल, पण ती हक्काच्या स्वरूपात हवी. वय वंदना कार्ड दाखवल्यावर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, शहरात ‘आपला दवाखाना’ असेल तर तिथे, ठरलेल्या औषधांचा तीस दिवसांचा साठा मिळावा. औषध शिल्लक नसेल तर त्याच चिठ्ठीवर स्वस्त जेनेरिक औषधे विकणाऱ्या जनऔषधी केंद्रातून ते विनामूल्य घेता यावे आणि त्याचे पैसे योजनेने चुकते करावेत. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा येथे नोंदणीची सवय आधीच रुजलेली असल्याने पहिले वर्ष तिथे काढावे आणि मग राज्यभर जावे. ईपीएस-९५च्या पेन्शनरांना मात्र सत्तरीची वाट पाहायला लावू नये. त्यांची पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते, तेव्हापासून त्यांना या पुरवठ्यात घ्यावे. पाच लाखांची मर्यादा वाढवण्याची मागणी निवडणुकांच्या तोंडावर पुन्हा पुन्हा होत राहील. ती मान्य करण्याआधी पुढच्या अर्थसंकल्पात या औषधांसाठी स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे, कारण वाढीव मर्यादेचा उपयोग वर्षभरात मोठा आजार झालेल्या थोड्यांना होईल आणि औषधांचा उपयोग रोज गोळी घेणाऱ्या प्रत्येक वृद्धाला होईल.